पंचफुलाबाईंचा पाला

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्यांनी मला मातीत बोट घालायला शिकवलं, त्यांच्या नावापुढं हजेरीपत्रकात ‘पाणी घालणे’ एवढंच काम लिहिलेलं असे. पंचफुलाबाई उंदीरवाडे. अंगानं वाळक्या, उंच, चालताना मान ताठ. वयाचा विषय निघाला की म्हणत, "नागपूरले दीक्षा झाली तवा मी बापाचं बोट धरून गेल्तो. आता तुमीच करा हिसाब." इकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. मला सुरुवातीला ते चुकल्यासारखं वाटायचं. पुढं लग्न झाल्यावर माझ्याच बायकोचं ‘मी जाते’ काही दिवस कानाला वेगळं लागत होतं.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मी सांगलीकडचा, घरची द्राक्षबाग असलेला, शेतीची पदविका घेऊन नुकताच चिकटलेला. नेमणूक झाली ती चामोर्शीजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेत. आंबा, सीताफळ, साग यांची हजारो रोपं, एक विहीर, एक डिझेल इंजिन, आणि उंचवट्यावरच्या मुरमाड कोपऱ्यात द्राक्षाचं घर.

हे घर आमच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यातून निघालं होतं. कुठल्याशा दौऱ्यावर त्यांनी प्लास्टिकच्या छपराखाली वाढवलेली द्राक्षं पाहिली होती. या धानाच्या मुलखात पाऊस उदंड, दव उदंड, आणि अशा ओलसर हवेत द्राक्षाच्या पानांवर बुरशी चढते, घड कुजतात. डोक्यावर छप्पर असेल तर वेल कोरडे राहतील, असा त्यांचा विचार. तो चुकीचा नव्हता. बांबूला तोटा नव्हता, तेव्हा बांबूच्याच कमानी रोवल्या, वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं, बाजूंना गुंडाळता येतील असे बांबूचे तट्टे लावले. आत तीन ओळी, एका ओळीत वीस वेल. माझ्या आधीच्या माणसानं ते लावले आणि बदली करून घेतली.

मी रुजू झालो तो श्रावण. तीन दिवस झड लागलेली. छत्री घेऊन उंचवट्यावर चढलो तर समोरून एक बाई डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन चिखलातून वर येत होत्या. नखशिखांत भिजलेल्या. त्या द्राक्षाच्या घरात शिरल्या, हंडे उतरवले आणि कोरड्या ठणठणीत मातीवर पाणी ओतायला लागल्या. वर प्लास्टिकवर पाऊस ताशासारखा वाजत होता. छपरानं पाऊस अडवला होता, आणि उंचवट्यावर इंजिनाचं पाणी चढत नव्हतं, म्हणून भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी डोक्यावरून आत येत होतं.

मला पाहून बाईंनी पदर पिळला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "साहेब, आभाळाचं पानी बाहेर अडवाचं, न् विहिरीचं डोक्यावर आनून आत टाकाचं. पुस्तकात असंच लिवलं हाय का?"

मी म्हटलं, "असंच लिहिलंय."

"मंग लिवनाऱ्यानं हंडा उचलला नसन," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खेपेला निघून गेल्या.

द्राक्षवेलींना त्या ‘जावई’ म्हणत. स्वतःचं घर पाहिजे, वर मांडव पाहिजे, पायावर पाणी पाहिजे, आणि तरी तोंड वाकडं. पण हे नाव प्रेमाचं होतं. एखादं पान पिवळं दिसलं की दिवसभर त्यांचं लक्ष तिथं. जेवायलाही त्या उंचवट्यावरच बसत, भाकरी हातात, नजर वेलींवर.

त्यांना वाचायचं वेड होतं. शाळा अर्धवट सुटलेली, पण प्रौढवर्गात बसून अक्षरं पक्की केली होती. भज्यांची पुडी असो की चिवड्याची, खाऊन झालं की कागद मांडीवर सपाट करून बोटानं एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचत. एकदा अशाच एका कागदावर पुरात अडकलेल्या बैलगाडीची बातमी होती आणि ती ऐन मध्यावर फाटलेली. दोन दिवस बाईंना चैन नव्हतं. "भाऊ, ते लोक वाचले असतीन ना?" मला चारदा विचारलं. तोवर साहेबाचा मी भाऊ झालो होतो. शेवटी त्या भजीवाल्याकडं गेल्या आणि त्याच्या रद्दीच्या ढिगातून उरलेला तुकडा शोधून आल्या. माणसं वाचली होती, बैलही. त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजुरांना ती बातमी वाचून दाखवली.

नवरा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होता, तापानं गेला. तेव्हा पंचफुलाबाई मुलीला घेऊन माहेरच्या गावी परतल्या. मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. तिचं शिक्षण बाईंच्या या रोजावर चालायचं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आमच्या हजेरीबाबूंनी, पिदूरकरांनी सांगितलं.

दिवाळी झाली आणि पाल्याची गोष्ट सुरू झाली.

एका सकाळी पाहतो तर शेवटच्या ओळीतल्या वेलींच्या बुंध्याभोवती सागाची वाळकी पानं आणि धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलेली. वीतभर जाड थर. मला वाटलं, कुणी कचरा आणून टाकला. आमच्याकडं बागेत जमीन कशी, हातानं सारवल्यासारखी स्वच्छ. काडी दिसली तर वडील ओरडायचे.

"हे काय, बाई?"

"पाला टाकला."

"कशाला?"

"मी सरपनाले रानात जातो. तिथी कोन पानी टाकते? तरी चैताच्या महिन्यात सागाचा पाला बाजूले केला की खालची माती वली राह्यते. मले वाटलं, जावयाच्या पायावर पांघरून घालून पाहावं."

मी पुस्तकातलं सांगितलं. पाल्यात उधई म्हणजे वाळवी लागेल, बुंधा कुजेल, विंचूकाटा होईल. शिवाय चार दिवसांनी साहेबांची भेट होती. मी म्हटलं, "साहेब येऊन जाईपर्यंत तरी हे काढा."

बाईंनी मुकाट्यानं सगळा पाला काढला. साहेब आले, स्वच्छ जमीन पाहून खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाला जागेवर. मी चिडलो.

"तुम्हाला काढायला सांगितलं होतं ना?"

"साहेब येऊन जाईस्तोवर काढा म्हनलं होतं तुमी," त्या शांतपणे म्हणाल्या. "साहेब येऊन गेले."

ओळ तशीच राहिली. मनात मी म्हटलं, वीस वेल गेले तर गेले, बाईंना कळेल तरी.

पुढं थंडी सरली. माघात ऊन वाढायला लागलं. माझ्या वहीत पाण्याचं वेळापत्रक होतं, कुठल्या महिन्यात वेलीला किती, दिवसाआड की रोज. एक दिवस लक्षात आलं की बाईंच्या खेपा कमी झाल्यात. मला वाटलं, कामचुकारपणा. मागोमाग गेलो. त्या पहिल्या दोन ओळींना पाणी घालत होत्या आणि तिसरी ओळ सोडून देत होत्या.

"तिसरीला का नाही?"

"तिले काल नाई देल्लं, परवा नाई देल्लं, आजबी नाई देनार. उद्या पाहून घेऊ."

"वेळापत्रकात रोज लिहिलंय."

बाईंनी हंडा खाली ठेवला. पाला हातानं बाजूला केला, त्याआधी काठीनं दोनदा थोपटून, खाली काही वळवळत नाही ना हे पाहून. मग म्हणाल्या, "मातीले इचारा ना. मले काऊन इचारता?"

मी तर्जनी मातीत खुपसली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली. गार, ओलसर, बोटाला चिकटणारी माती. मग बाईंनी मला पहिल्या ओळीत, आजचं पाणी अजून न पोचलेल्या वेलीपाशी नेलं. तिथं काल संध्याकाळी पाणी दिलेलं. तिथं बोट नखापुढं जाईना.

आणि वर पाहिलं तेव्हा मला जे दोन महिने दिसलं नव्हतं ते दिसलं. तिसऱ्या ओळीतले वेल बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होते.

मी वही मिटली. त्या आठवड्यात आम्ही साऱ्या घरात पाला टाकला.

पण माझं पुस्तक अगदीच खोटं नव्हतं. फाल्गुनात उधई आली. तणीस तर तिनं खाल्लीच, चार वेलींच्या सालीवर मातीच्या रेघा चढल्या. मी औषधाच्या डब्याकडं हात नेला. बाई म्हणाल्या, आठ दिवस थांबा. मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्याही महाविद्यालयात पाहिलेलं नव्हतं. रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेर उधईचं मोठं वारूळ होतं. त्याच्याभोवती त्यांनी पाल्याचे सात लहान ढीग मांडले. तणीस, मोह, पळस, साग, आंबा, करंज, कडुनिंब. रोज सकाळी कामावर येताना तिथं बसायच्या, प्रत्येक ढीग उचलून बघायच्या आणि जागेवर ठेवायच्या. मजूर हसत. एकानं विचारलं, "बाई, उधईले जेवाले घातलं का?"

"हो," त्या म्हणाल्या. "काय आवडत नाई ते पाहून राह्यलो."

आठव्या दिवशी तणसीचा मागमूस नव्हता, मोह आणि पळसाची जाळी झाली होती, आंबा कुरतडलेला, सागाच्या कडा खाल्लेल्या. करंज आणि कडुनिंबाचे ढीग जसेच्या तसे. त्यानंतर द्राक्षाच्या घरात थर असा पडू लागला: खाली करंज-कडुनिंब, वर साग. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी, म्हणजे खोड कुजायला नको. उधई पुन्हा क्वचितच फिरकली, आली तर बाईंच्या नजरेतून सुटली नाही.

खरी परीक्षा चैतात झाली. विहीर झपाट्यानं खाली गेली. इंजिन दोन तास चाललं की हवा ओढायचं. साहेब जीपनं आले, विहिरीत वाकून पाहिलं, आणि उंचवट्यावर येऊन म्हणाले, "वेल काढून टाका. खाली हजारो रोपं आहेत, ती पावसाळ्यात लोकांना द्यायची आहेत. साठ वेलींसाठी ती मारता येणार नाहीत." बोलताना त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. घर त्यांचंच स्वप्न होतं. त्यांनी खिशातून सिगारेट काढून पेटवली.

पंचफुलाबाई पुढं आल्या आणि त्यांनी साहेबांपुढं उघडा तळहात धरला. साहेबांना कळेना.

"इथी पाला हाय, साहेब. ठिनगी पडली तं घर जळन. ते द्या माझ्याजवळ."

साहेबांनी एकदा बाईंकडं पाहिलं, एकदा खाली पाल्याकडं पाहिलं, आणि जळती सिगारेट त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती बाहेर नेली, मुरमावर चिरडली, परत आल्या, आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "आता वेलाचं बोलू. मले रोज बारा हंडे द्या. साऱ्या घराले बारा. तेराव्याले हात लावला तं मीच माझ्या हातानं वेल उपटतो."

"साठ वेलींना बारा हंडे?" साहेब माझ्याकडं वळले. "शक्य आहे का?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. पण तळहात पुढं करणाऱ्या त्या बाईला पाहिल्यावर नाही म्हणवेना. म्हटलं, "साहेब, पाऊस पडेपर्यंत द्या. नाही जगले तर काढू."

तो उन्हाळा मी जन्मात विसरणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा वैशाख म्हणजे काय हे आमच्या सांगलीच्या माणसाला सांगून कळत नाही. आम्ही प्लास्टिक गुंडाळून ठेवलं आणि कमानींवर तट्टे टाकून सावली केली. बाईंनी पाल्याचा थर दुप्पट केला. आणि एक नवी गोष्ट केली. बांबूची हातभर लांब पोकळ नळकांडी कापून प्रत्येक वेलाच्या मुळाशी पाल्यातून खाली रोवली. पाणी वरून ओतलं तर पाला पिऊन टाकतो, ते त्यांना सहन होत नव्हतं. आता दिवस कलला की त्या लोटा घेऊन नळकांड्यात पाणी सोडत. एक थेंब बाहेर नाही. बारा हंडे म्हणजे बारा. एकदा बाराव्या हंड्याला ठेच लागून अर्धं पाणी सांडलं. मी म्हटलं, "असू दे बाई, अर्धा आणखी आणा, कोण बघतंय."

"मी बगतो ना," त्या म्हणाल्या. त्या दिवशी शेवटच्या दहा वेलींना उरलेलं दीड हंडाच पाणी वाटून दिलं.

जेठाच्या मध्याला काही वेलींनी खालची पानं टाकली. बाई त्या पानांनाही मुळाशी ठेवून देत. शेंडे मात्र हिरवे राहिले. खाली वाफ्यांतली रोपंही जगली, कारण बाईंचं पाहून मजुरांनी तिथंही पाला टाकायला सुरुवात केली होती. मृगात आभाळ भरून आलं तेव्हा मी ओळीनं वेल मोजत गेलो. अठ्ठावन्न जिवंत. मेलेल्या दोघांपाशी बाई जरा वेळ बसल्या, मग उठून बाकीच्यांकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच मी त्यांना दात दाखवून हसताना पाहिलं.

आणि नेमकं तेव्हाच पिदूरकरबाबूंनी कागदावर बोट ठेवलं. बाबू वाईट माणूस नव्हता, फक्त रकाने भरणारा होता. म्हणाला, "बाई पाणी घालण्याच्या कामावर आहेत. पाणी आता पाचाचं एकावर आलं. वरचे विचारतील, एवढ्या पाण्याला पूर्ण रोजाची बाई कशाला?" आणि जुलैच्या हजेरीपत्रकात नाव आलं नाही.

मी पत्र लिहिलं, उत्तर येईना. पंधरा दिवस द्राक्षाचं घर मी सांभाळलं. सांभाळलं म्हणजे बिघडवलं. पाला पसरताना बुंध्याला भिडवला, तीन वेलींची खोडं मऊ पडली. कुठल्या वेलीला कधी पाणी, हे माझ्या बोटाला अजून नीट कळत नव्हतं.

सोळाव्या दिवशी बाई गडचिरोलीला साहेबांच्या कचेरीत गेल्या. पुढचं मला साहेबांनीच सांगितलं. शिपायानं अडवलं तर त्या म्हणाल्या, नमुना आणला आहे. आत येऊन त्यांनी टेबलावर दोन पुड्या ठेवल्या आणि सोडल्या. एकीत कोरडी, भुसभुशीत, फुंकरीनं उडणारी माती. दुसरीत काळपट ओली. तिची ओल कागदातून उतरून खालच्या फायलीला लागली.

"ही छपराखालच्या उघड्या जागेची, न् ही पाल्याखालची. दोनीले तीन दिवस पानी नाई देल्लं. सकाळीच आनली."

साहेबांनी ओली माती चिमटीत घेतली.

"माझा रोज बंद झाला, काऊन का पानी कमी लागते. पन ते कमी मीच केलं ना, साहेब. पानी टाकाले कोनीबी मिळन. पानी वाचवाचं काम जर सरकारात नसन, तं ते लिवून घ्या आता."

साहेब मला म्हणाले, "मी तीस वर्षं नोकरी केली. माझ्या टेबलावर असा नमुना कोणी ठेवला नव्हता." त्याच दिवशी त्यांनी तिथल्या तिथं कागद काढला. हजेरीपत्रकात ‘पाणी घालणे’ खोडून ‘माळीकाम’ लिहिलं गेलं. पिदूरकरबाबूंनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं आणि बाईंना वाचायला दिलं. त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून, मोठ्यानं वाचलं. दोनदा.

आश्विनात मी वेलींची छाटणी केली. ते मात्र माझं काम, माझ्या घरचं शिक्षण. बाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक कातरीला ओठ चावत होत्या. वीस दिवसांत डोळे फुटले, मग इवलेसे घड दिसले. मणी मोठे होत गेले. अनाबेशाही जात, बी असलेली, टपोरी, पिकली की मधासारखा पिवळा रंग. पहाटे दव पडायचं ते वर प्लास्टिकवरच राहायचं. साहेबांचं छप्पर आणि बाईंचा पाला, दोन्ही आपापलं काम करत होते.

माघाच्या अखेरीस पहिला घड तोडला. साहेब आले होते. मजूर, पिदूरकर, शेजारच्या गावची माणसं, सगळे उंचवट्यावर. साहेबांनी घड बाईंच्या हातात दिला. "पहिला तुमचा."

बाईंनी एक मणी तोंडात टाकला. डोळे मिटले. सावकाश चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. मग दोन बिया तळहातावर काढल्या, त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "गोड निंघला जावई."

जमलेल्यांत बहुतेकांनी द्राक्ष जन्मात खाल्लं नव्हतं. घड हातोहात फिरले. एक म्हातारा मणी तोंडात धरून बसला, चावेच ना. नातवानं विचारलं तर म्हणाला, थांब, चावलं तं संपन ते. पिदूरकरबाबूंना कागदात चार मणी गुंडाळून घरी नेताना मी पाहिलं.

त्या वर्षी चामोर्शीला शेतकरी मेळावा भरला तेव्हा साहेबांनी बाईंना व्यासपीठावर बसवलं. मला भीती होती, गर्दी पाहून बावरतील. त्या माईकपुढं उभ्या राहिल्या, माईक बोटानं जरा दूर केला, आणि बोलल्या.

"माझ्या द्राक्षाचं नाव आइकून तुमी आले. पन द्राक्ष लावा असं मी म्हनत नाई. त्याले लय लाड लागते. तुमच्या दारात वांगं हाय, मिरची हाय, आंब्याचं रोप हाय. त्याच्या पायावर पाला टाका. करंजाचा टाका, निंबाचा टाका, वरून सागाचा टाका. बुंध्याले चिपकवू नका. न् पानी द्याच्या आधी मातीत बोट घाला. वली असन तं हंडा परत घेऊन जा. बाईमानसाच्या मानेवरचा एक हंडा जरी कमी झाला, तरी माझं बोलनं कामी आलं." एवढं बोलून त्या जागेवर येऊन बसल्या. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांच्या टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. द्राक्षाची बाग त्या भागात कुणी लावली नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात मी सायकलवरून गावोगाव फिरायचो तेव्हा वांग्याच्या, मिरचीच्या वाफ्यांवर पाला दिसायचा. चामोर्शीच्या आठवडी बाजारात वैशाखातही बायकांच्या टोपल्यांत ताजी वांगी असत. मी एकीला विचारलं, या दिवसांत पाणी कुठून आणता? ती म्हणाली, "पानी नाई, भाऊ. पंचफुलाचा पाला हाय." तिनं पंचफुलाबाईंना कधी पाहिलंही नव्हतं. तिला वाटत होतं, ते पाल्याच्या जातीचं नाव आहे. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या लाजल्या आणि उगाच एका तट्ट्याची दोरी सोडून पुन्हा बांधत बसल्या. त्याच वर्षी त्यांना कायम केलं. मुलगीही नर्स होऊन एका उपकेंद्रात लागली.

माझी बदली झाली तेव्हा बाईंनी निरोपाचं असं काही केलं नाही. त्यांना वेळच नव्हता. एटापल्लीकडच्या जंगलगावांतून त्यांना बोलावणी येत होती. तिथल्या माडिया बायकांनी घरामागं भाजी लावायला घेतली होती आणि पाल्याचं कसं करायचं ते त्यांना प्रत्यक्ष पाहायचं होतं. मी त्या भागातलं शेवटचं काम उरकायला निघालो होतो आणि बाई त्याच बसमध्ये होत्या, मांडीवर गाठोडं घेऊन. भादव्याचे दिवस. एका नाल्यावर पूल नव्हता, पाणी गुडघ्याच्या वर वाहत होतं. ड्रायव्हरनं बस थांबवली, म्हणाला, गाडी पलीकडं जाणार नाही, उद्या या.

पलीकडच्या काठावर सात-आठ बायका उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. बाईंनी त्यांना पाहिलं, गाठोडं काखेत मारलं आणि खाली उतरल्या. मी म्हटलं, "बाई, ओढ आहे पाण्याला."

"त्या माझ्यासाठी आल्या हायेत," त्या म्हणाल्या. लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरल्या. समोरून दोन तरुण बायकाही उतरल्या, मध्यावर त्यांना भेटल्या आणि दोन्हीकडून दंड धरले. तिघी मिळून सावकाश वर चढल्या. काठावर पोचताच बाई बोलायलाच लागल्या, हात पुढं करून काही दाखवत, आणि त्या साऱ्या बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. मला शब्द ऐकू आले नाहीत, पाण्याचा आवाज मोठा होता. एवढं दिसलं की त्या सगळ्या एकदम हसल्या, आणि मग बाईंना मध्ये घेऊन झाडांतल्या पायवाटेनं निघाल्या. ड्रायव्हरनं बस वळवली.